कवडूभाऊ, गाडीखालचा कागद कोरा निघाला

कवडूभाऊ, काल तुमच्या पुण्यानुमोदनाला धान भरडायच्या मिलचा सेठ आला होता. विहाराच्या ओट्यावर उभा राहून तो म्हणाला, "माणूस लाखातला होता, पण बिडीनं घात केला." मांडवात बसलेल्यांपैकी कोणीही मान वर केली नाही. तुम्ही उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नाटकमंडळींच्या घोळक्यात कोणी बिडी पेटवली की तुम्ही उठून गाडीत जाऊन बसायचात आणि काच वर करायचात. तरी सगळे गप्प राहिले. कारण त्यातली निम्मी माणसं दुसऱ्या दिवशी त्याच मिलमध्ये पोती उचलायला जाणार होती.

मी उठले होते. तुमच्या कारभारणीनं, शेवंतावहिनींनी, माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. नुसतं धरून ठेवलं.

भाऊ, आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. मिलच्या कोंड्यानं तुमची छाती खाल्ली हे मी पत्रकात लिहायचं, तुमच्या नावानिशी लिहायचं, की नाही, हे ते भांडण. तुम्ही नाही म्हणत राहिलात आणि मी तुम्हाला भित्रे म्हणत राहिले. शेवटच्या वेळी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातसुद्धा तेच बोललो. तुम्हाला दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागत होतं, म्हणून त्या दिवशी मी जिंकत होते. असं जिंकण्याची मला आता किळस येते.

तुमचं उत्तर मला फार आधी मिळालेलं होतं. गाडीखाली पडून मिळालं होतं. मी ते उत्तर म्हणून ओळखलं नाही, इतकंच.

नागभीडच्या आमच्या घरात कुडाच्या भिंतींना पत्रकं चिकटवलेली असायची. बाबा ती वाटायचे, उरलेली भिंतीला लावायचे. 'आवाहन' हा मी जुळवून वाचलेला पहिला शब्द. त्यामुळे जगात जे काही वाईट आहे ते नीट छापून लोकांच्या हाती दिलं की झालं, असं मला मोठी होईपर्यंत वाटायचं. खरं सांगायचं तर मागच्या वर्षापर्यंत वाटायचं. वडशाच्या छापखान्यातून गठ्ठा घेऊन मी रस्त्यावर आले, बस निघून गेली होती, आणि समोर तुमची काळी मोटार उभी होती. टपावर भोंगा, दाराला नाटकाची जाहिरात. कोण्या वकिलानं टाकून दिलेली गाडी तुम्ही जुळवून जुळवून रस्त्यावर आणली होती.

"कुठी जाता?" तुम्ही विचारलं.

"आरमोरी."

"बसा. पर आवाज सहन करा लागन."

इंजिनाचा आवाज म्हणत असाल असं मला वाटलं. तुम्ही स्वतःचा म्हणत होता. मोहझरी गेलं, आणखी दोन गावं गेली, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी तुम्ही गाडी हळू करून भोंग्यात बोललात. नायिकेचं सौभाग्य, खलनायकाचा डाव, मायबाप रसिकहो, खास लोकाग्रहास्तव. धान कापणाऱ्या बाया बांधावर उभ्या राहून हसत होत्या. मी नाक मुरडून बसले होते. रडारडीची नाटकं, मालक-नोकरांच्या खोट्या गळाभेटी, आणि त्यांच्यासाठी एवढा गळा कशाला. मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "पत्रकबाई, लोक गोळा मी केले. आता वाटा तुमचे कागद."

मी वाटले. एका दुपारी जेवढे वाटले तेवढे मी पायी हिंडून आठवड्यात वाटले नव्हते. तेव्हापासून नाटकांचा तो हंगामभर मी तुमच्या गाडीत होते. तुमच्या तोंडचं 'पत्रकबाई' हळूहळू 'पोरी' झालं. भांडण करायचं असलं की पुन्हा पत्रकबाई.

आणि ती गाडी गळत होती.

आरमोरीला जाऊन यायचं तर तेलाचा डबा सोबत लागायचा. उभी केली की खाली काळा डाग. सायलेन्सरवर तेल पडून जळायचं, आत निळसर धूर यायचा आणि तुमचा खोकला सुरू व्हायचा. ती तुमची नुसती जाहिरातीची गाडी नव्हती. आडगावातली अडलेली बाई, साप चावलेला माणूस, सगळ्यांना तीच दवाखान्यात न्यायची. वाटेत इंजिन जाम झालं तर काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

रज्जाकभाई मेकॅनिकनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "पीछे का सील गया है. इंजिन उतारना पडेंगा." हंगाम चालू असताना इंजिन उतरवणं म्हणजे हंगाम सोडणं. तुम्ही मान हलवलीत आणि उतरवलं नाहीत. स्वतःच पाना घेऊन वरच्या झाकणाचे नट आवळलेत. गळती वाढली. त्याखालचं बुचाचं, म्हणजे कॉर्कचं, पॅकिंग चेपून बाहेर आलं होतं. मग बुचाचा नवा ताव आणून, झाकण उलटं ठेवून, पेन्सिलीनं आखून आपण पॅकिंग कापलं. कात्री माझ्या हातात होती, शिव्या तुमच्या तोंडात. ते बसवलं तर वरचं बंद झालं आणि पुढच्या बाजूनं सुरू झालं. पुढचं नीट केलं तर पेट्रोलच्या पंपाच्या जोडातून.

रोज सकाळी गाडीखाली कागद पसरायचा आणि थेंब कुठे पडले ते पाहायचं, ही तुमची रीत. कागद माझे. छापताना बिघडलेली पत्रकं तुम्ही मागून घ्यायचात आणि कोरी बाजू वर ठेवून पसरायचात. एकदा माझ्या 'मजूर बंधू-भगिनींनो' वर मागून तेल उमटलं होतं. तुम्ही तो कागद उजेडात धरून म्हणालात, "हे पाहा, तुहं पत्रक कोनाच्या तरी कामी आलं."

"भाऊ, इंजिन बदला. सगळंच कुजलंय. किती ठिकाणी ठिगळं लावणार?"

"बदलाले दुसरं कुठी हाय? तुह्या पत्रकात हाय का?"

तुम्हाला वाटायचं मी गाडीबद्दल बोलत नाहीये. मला वाटायचं तुम्हीही नाही. दोघांचंही खरं होतं. पण तेल मात्र खरंच गळत होतं आणि त्याचं काहीतरी करायला हवं होतं.

मग तो पावडरचा दिवस. नाटक ब्रह्मपुरीकडे होतं, मंडळी तंबूत झोपली होती आणि आपण दोघं उन्हात. आधी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरून खालून धुतलं. वर्षांची माती, तेल, कोंडा यांचा थर खरवडला. त्याखालून इंजिनाचा मूळ रंग निघाला, हिरवट. तुम्ही त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलात. सुकल्यावर तुम्ही तंबूत गेलात आणि नटांच्या पेटीतून तोंडाला लावायच्या सफेद पावडरचा डबा आणि त्यांचा हातातला आरसा घेऊन आलात. इंजिनाला पावडर लावली. जोड, कडा, नटांच्या खाचा, सगळीकडे. कोरड्या पावडरवर तेल आधी कुठे उमटतं ते पाहायचं. तेल खाली आणि मागे वाहत जातं, म्हणून जिथे थेंब पडतो तिथे शोधून भागत नाही, वर आणि पुढे जावं लागतं.

"आता कशी दिसते?" तुम्ही म्हणालात. "रानीच्या पार्टवाली."

गाडी चालू केली. तुम्ही आरसा घेऊन खाली, मी वरून वाकलेली. काही वेळ सगळं पांढरं राहिलं. मग पुढच्या कव्हरपाशी एक ओला ठिपका आला. पंपापाशी दुसरा. वरच्या झाकणाच्या नव्या पॅकिंगखालून तिसरा. मागून तुम्ही ओरडून सांगितलंत, तिथेही.

"सगळंच कुजलंय," मी म्हटलं. मला आनंद झाला होता, भाऊ. माझं म्हणणं पांढऱ्यावर काळं होऊन समोर आलं होतं.

तुम्ही खालून सरकत बाहेर आलात. तोंडावर पावडर, भुवयांवर तेल. "चारी एकदमच काऊन जातीन? एक जाईन, दोन जातीन. नवीन बसवलेलं काऊन जाईन?"

मी चिडले. तेल कमी झालं असेल, टाकते, असं म्हणून चालू इंजिनावरच तेल भरायचं झाकण मी फिरवलं. ते हातातून उडाल्यासारखं निघालं. गरम, तेलकट वाफेचा झोत सरळ माझ्या तोंडावर. मी मागे कोसळले, तुम्ही हसत सुटलात, आणि हसता हसता एकदम थांबलात. आरसा तुमच्या हातात तसाच होता. पुढच्या कव्हरवरचा ठिपका वाढायचा थांबला होता.

तुम्ही झाकण पुन्हा लावलंत. थोड्या वेळानं ठिपका वाहू लागला. काढलंत. थांबला. मग आपण एकमेकांकडे पाहिलं. आत हवा कोंडत होती. तिला जायला वाट नव्हती, म्हणून ती तेलाला ढकलत होती, मिळेल त्या जोडातून. जोडांचा दोष नव्हता.

इंजिनाच्या अंगाला एक वाकडी नळी असते. आतली वाफ तिच्यातून बाहेर जाते. तुम्ही तिलाच श्वासाची नळी म्हणायचात. तिच्या तोंडाला तारेनं करकचून बांधलेला कापडाचा बोळा निघाला. तेलानं, कोंड्यानं लाकडासारखा घट्ट झालेला. तुम्ही तो रॉकेलमध्ये बुडवून सोडवलात. कापडावर लाल रंगाची दोन अक्षरं होती, 'जुरी'. आमच्या जुन्या मोर्चाच्या फलकाचा तुकडा. 'मजुरी वाढवा' मधला.

"तुही घोषनाच अडकली व माय," तुम्ही म्हणालात.

"कोणी बांधला हा?"

तुम्ही गाडीच्या पायरीवर बसलात. आठवायला वेळ लागला. पावसाळाभर गाडी मिलच्या मागच्या छपरात उभी असते. पंख्यातून कोंडा उडतो तो थेट तिथे येतो, बोटभर थर बसतो. गाडीच्या नळीत कोंडा जाऊ नये म्हणून तुम्हीच ते कापड बांधलं होतं. बांधलंत आणि विसरलात.

"मी खाल्ला थो बस झाला," तुम्ही म्हणालात. "म्हटलं, गाडीनं काऊन खावा."

आणि मग तुम्हाला तो खोकला आला. थांबेना. तुम्ही पायरी धरून वाकलात, चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळली, आणि मी पाठीवर हात ठेवला तेव्हा आतून सुकलेल्या शेंगा खुळखुळाव्यात तसा आवाज येत होता. मिलमध्ये धान सोलणाऱ्या हलरवर तुम्ही जवानी काढली, हे मला त्या दिवशी समजलं. त्याआधी मला एवढंच माहीत होतं, की तुमचा आवाज मोठा आहे.

भाऊ, तुम्ही गाडीचं तोंड बांधलं. तुमचं तोंड बांधायला कोणी दुपट्टासुद्धा दिला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. हे वाक्य मी त्याच संध्याकाळी लिहिलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "चांगलं लिवलं. फाडून टाक."

"का?"

"शेवंता तिथीच हाय. पाखडनीवर. माहं नाव वाचलं का सेठ तिले दुसऱ्या दिवशी बसवन घरी. आन गाडी कुठी ठेवू?"

"म्हणजे तुम्ही भिता."

"व्हय."

एवढं साधं 'व्हय' मला पत्रकात कुठे बसवता आलं नाही. तुम्ही वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

नळी साफ केली, तिच्यातली जाळी उकळून बसवली, चेपलेलं पॅकिंग पुन्हा कापलं, आणि आपण आरमोरीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी कागदावर एकच थेंब होता. तो मागच्या सीलचा. मी म्हटलं, हाही घालवू. तुम्ही म्हणालात, "राहू दे. जुन्या गाडीखाली थेंब दिसत हाय म्हनजे आत तेल हाय. कोरा कागद निघाला का समजजो, संपलं."

त्यानंतर गाडीचं बरं झालं आणि तुमचं बिघडत गेलं. एका डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं दमा म्हटलं. तिसऱ्यानं खोकल्याची बाटली आणि झोपेची गोळी. ताप आला की तापाचं, सूज आली की सुजेचं. जिथे थेंब दिसला तिथे प्रत्येकानं बोट दाबलं. तुम्ही काय काम करत होता, हे एकानंही विचारलं नाही. मी सोबत होते, मी सांगितलं, तर एक डॉक्टर म्हणाला, कोंड्यानं काही होत नाही, सगळा जिल्हा धान खातो. तुमच्या छातीवर पावडर टाकून कोणीच पाहिलं नाही, भाऊ.

या वर्षीच्या हंगामात तुम्ही भोंग्यात बोलताना मध्येच थांबायचात. "मायबाप रसिकहो" म्हणून थांबायचात. लोकांना वाटायचं ही नवी ढब आहे. गावातली पोरं तुमची नक्कल करताना तशीच थांबायची. मी शेजारी बसून तुमच्या हातातला माइक धरायचे, म्हणजे तुम्हाला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे झुकता यावं, कारण झुकल्यावर श्वास थोडा जास्त आत जायचा. नाटकाला जागा शिल्लक राहत नव्हती. तुमचा आवाज ऐकून माणसं येत होती आणि तुम्हाला घोटभर हवा मिळत नव्हती. मी त्या नाटकांना अजूनही भिकार म्हणते. पण तुम्ही एकदा सांगितलं होतं ते आता पटतं. "तू लोकायले सांगते. मी लोकायले बोलावतो. बोलावल्याबिगर सांगशीन कोनाले?"

दवाखान्यात तुम्ही जे शेवटचं बोललात त्याला मी काही अर्थ चिकटवणार नाही. तुम्ही विचारलंत, "गाडीले कागद लावला का?" मी हो म्हटलं. लावला नव्हता.

आज सकाळी शेवंतावहिनी छापखान्यात आल्या. सेठनं कालच्या जेवणासाठी तांदळाचं पोतं पाठवलं होतं. ते त्यांनी उघडलंच नव्हतं, गावातल्या बायांनी आपापल्या घरून आणलेला भात आम्ही सगळे जेवलो. पोतं ओसरीत शिवलेलंच आहे. वहिनी उभ्याच राहिल्या. दोन वाक्यं बोलल्या आणि खोकल्या. तो आवाज मला ओळखीचा होता. मी इतका काळ तुमच्याकडे पाहत होते, की त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"काल तू उठत होती, मी बसवलं," त्या म्हणाल्या. "सेठसमोर भांडून काय होते. लिव आता."

"भाऊ नाही म्हणाले होते."

"त्याचं नाव नको टाकू. थो नाई म्हने, त् नाईच. माहं टाक. शेवंता कवडू, पाखडनीवर काम करते, अन् खोकलते. असं लिव."

"वहिनी, काम जाईल."

"काम जाईन त् जाईन. खोकला त् जाऊन नाई राह्यला." मग थोडं थांबून, तुमच्यासारखंच, म्हणाल्या, "थो माह्यासाठी गप राह्यला. मी कोनासाठी राहू?"

मी खिळे जुळवणाऱ्याशेजारी बसून तसंच लिहिलं. त्यात एकही आवाहन नाही. पाखडणीवर, हलरवर, पंख्यापाशी कोण कोण काम करतं आणि कोण कोण खोकतं, एवढंच आहे. वहिनींनी आपलं नाव सांगितल्यावर दुपारपर्यंत आणखी काही बायांनी आपली सांगितली. काहींनी नाही सांगितली. त्यांच्या घरी जाऊन मी वाद घातला नाही. 'व्हय' म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो, एवढं तुम्ही मला शिकवून गेलात, उशिरा का होईना.

तुमचं नाव त्यात नाही. आपलं भांडण तुम्ही जिंकलात. मला ते मान्य नाही, हेही तुम्हाला माहीत असू द्या. तुम्ही मोकळ्या गळ्यानं हे भोंग्यात बोलला असतात तर वडसा ते नागभीड एकाही गावाला पत्रक लागलं नसतं. तुम्ही बोलला नाहीत, आणि न बोलता मेलात. सेठनं त्याला बिडीचं नाव दिलं. गप्प राहिलेल्या माणसाच्या मरणाला कोणीही काहीही नाव देऊ शकतं, भाऊ. याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. प्रेमही जाणार नाही. दोन्ही घेऊन मी उद्या गाडी चालवणार आहे.

उद्या सकाळी मिलची पाळी बदलते तेव्हा आम्ही फाटकासमोर उभ्या राहू. वहिनी पुढच्या सीटवर बसतील, माइक त्यांच्या हातात. त्या कधी भोंग्यात बोललेल्या नाहीत. मी विचारलं, जमेल का. म्हणाल्या, थांबत थांबत बोलीन, लोकांना सवय आहे.

म्हणून आज संध्याकाळी मिलच्या छपरातून गाडी काढून घरासमोर आणली. आता ती तिथे ठेवता येणार नाही. थोडी चालवून आणली, उभी केली, खाली कागद पसरला. या पत्रकाचीच एक बिघडलेली प्रत, कोरी बाजू वर. तासाभरानं जाऊन पाहिलं.

कागद कोरा होता. एकही थेंब नाही.

तुमचं ते 'समजजो, संपलं' आठवलं. धावत जाऊन बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं, भाऊ. भरलेलं होतं. मागचं सील कोणी बदललं, केव्हा बदललं, मला ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणतात, दवाखान्यात जायच्या आधी तुम्ही रज्जाकभाईंना बोलावलं होतं, आणि मी नागभीडला गेले होते त्या आठवड्यात इंजिन उतरवून घेतलं होतं. हंगाम सोडून.

वहिनींना गाडी चालवता येत नाही. मला येते. तुम्हीच शिकवली.

मी पट्टी पुन्हा जागेवर घातली. बॉनेट लावायच्या आधी श्वासाच्या नळीचं तोंड उघडं आहे, पाहून घेतलं.